मानाचं कुलूप

मी एक जुनी मशीन आहे मित्रांनो, चारोळी फोडायची. कुणीतरी टाकून दिलेलं दगडी जातं, भंगारातली सायकल अन् मधी ट्यूबचं रबर, एवढंच माझं अंग. आज मी रागात आहे, गोड बोलायचं जमणार नाही.

मला केलं गेंदानं. सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. उन्हाळ्यात तिथल्या बाया रानातून चारं, म्हणजे चारोळीची फळं, गोळा करायच्या, अन् आतली बी दगडावर ठेचायच्या. बी फुटायच्या आधी बोट फुटायचं. मग कंटाळून सगळी बी टरफलासकट रुपचंद व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या. चारोळी काढून मलई खायचा तो. गेंदाला हे सलायचं. तिनं जात्याचे दगड असे बसवले, की पायडल मारलं की टरफल तडकतं, दाण्याला धक्का नाही. बाया हसल्या, म्हणे गेंदा जागच्या जागी सायकलवर चोपड्याला निघाली.

अन् त्याच उन्हाळ्यात त्या बाया चोपड्याच्या बाजारात आपली चारोळी घेऊन बसल्या. गेंदाचा नवरा बादल दरसाल मजुरीला गुजरातेत जायचा, त्या साली गेला नाही.

माझं नाव झालं, तिथंच घात झाला. जळगावच्या प्रदर्शनात नेलं, हार घातला. परत आणून नव्या शेडात ठेवलं, बाहेर पाटी लावली, 'स्थानिक रोजगार केंद्र'. गावचे पुढारी भिकननाना. त्यांनी दाराला लाल फीत बांधली अन् कुलूप ठोकलं. मोठा पाहुणा फीत कापेल, मगच मशीन चालवायची.

पाहुण्याला सवड होईना. पुढचा उन्हाळा आला, रानात चारं पिकली. ती गळून जायच्या आत गेंदा नानांकडे गेली.

"नाना, उद्घाटन कव्हय बी करा. पिकेल चार पाहुनानी वाट नही दखस, गयी जास."

"अवं बाई, तुनी मशीनले इतला मान भेटी गया. जरा दम धर."

दम! मला पाय असते तर लाथ घातली असती. पायडल आहेत, पण मारणारी दाराबाहेर.

आज रुपचंद याच शेडच्या पायरीवर काटा मांडून बसलाय, टरफलासकट बी घेतोय. बादलनं गठुडं बांधलं. गेंदानं खिडकीच्या गजातून हात घातला, माझ्यापर्यंत पोचला नाही. जाते म्हणाली नाही, येते म्हणाली. अन् गुजरातच्या जीपमधी बसली.

मित्रांनो, गावात कोणी डोकं चालवून काही घडवलं, तर सत्कार खुशाल करा, पण त्याच्या हातातलं काम काढून नका घेऊ. अन् नानाच्या घरावरून गेलात तर एवढं सांगा. हार कधीच सुकला. किल्ली गेंदाला द्या. फीत ती दातानं तोडेल.