डंकन टेनंटचा उजवा बूट

"तुटणार नाही ना गं तो?" इसोबेलकाकूंनी पुन्हा विचारलं.

"नाही काकू. जागच्या जागी फिरेल, फक्त एक्स-रे."

"बघ हां. तुझं मशीन माझ्याएवढं म्हातारं दिसतं."

अक्षरा हसली. काकू मूळच्या स्कॉटिश. मुळगावकरांकडे सून म्हणून आल्यावर लंडनमधल्या पिनरच्या घरी, स्वयंपाकघरात, सासूबाईंकडून मराठी शिकल्या. आज अक्षराच्या केंब्रिजच्या लॅबमध्ये त्यांनी आपल्या आजोबांचा बूट आणला होता.

हा आजोबा, डंकन टेनंट, स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीतून इंग्लंडात लँकेशायरला आला. नावाला गिरणीत विणकर, खरा पगार फुटबॉलचा. खेळाचे पैसे घेणं तेव्हा कमीपणाचं होतं. शेवटी तो मंदावला तशी माणसं कुंपणाबाहेरून ओरडू लागली, "पैसे घेतो, पळत नाही!" गावी परतला, तर ही कीर्ती आधीच पोचलेली. मुलानेही पुढे त्याचं नाव घेणं टाकलं. आता गावचं संग्रहालय बूट मागत होतं. देण्याआधी काकूंना एवढंच हवं होतं: आजोबा खरंच अंग चोरत होते का?

स्क्रीनवर बूट उमटला. अंगठ्यापाशी आतून फुगवटा होता.

"चामडं आकसलंय," अक्षरा म्हणाली.

"छे गं! नवा बूट गरम पाण्यात बुडवायचे, घालायचे, पायातच वाळवायचे. आमच्या खाणीतले सगळे असंच करत."

अक्षरा थबकली. म्हणजे हा आकार पायाचा होता. पावलाच्या जागी नुसती हवा होती, आणि त्या हवेला मोडून वाकडा जुळलेला सांधा होता. बूट नवा होता तेव्हाच अंगठा मोडलेला होता.

तिने स्क्रीनवर बुटाचा तळ वळवला. घसरू नये म्हणून ठोकलेल्या चामडी पट्ट्यांखाली जुन्या खिळ्यांची भोकं एकमेकांवर दाटली होती.

"पट्ट्या कितीदा तरी बदलल्यात, काकू. आणि आतला तळ झिजलाय तो फक्त बाहेरच्या कडेला. अंगठा टेकवत नव्हते ते. पावलाच्या कडेवर पळत होते."

"पळत होते?"

"नुसतं उभं राहून एवढ्या पट्ट्या झिजत नाहीत."



दुपारी अक्षराने बुटातली ती पोकळी थ्री-डी प्रिंटरवर छापून आणली. पांढरं, हलकं पाऊल. काकूंनी ते मांडीवर घेतलं. मग पूर्वी सासूबाईंचे पाय चेपत तसं, त्या सुजलेल्या सांध्यावर अंगठा ठेवून, हलक्या हाताने चेपू लागल्या.