शिवणयंत्राच्या चित्राखालची ओळ

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, चौकोनी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. खिडकीची नव्हे आणि आरशाची तर मुळीच नव्हे. पूर्वी सिनेमागृहात मध्यंतराला पडद्यावर ज्या जाहिराती दिसत, त्या माझ्यासारख्या काचांवर रंगवलेल्या असत. आम्हाला स्लाइड म्हणत. माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका पेंटरच्या टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावून, दोन केसांच्या कुंचल्याने त्याने माझ्यावर एक शिवणयंत्र रंगवले. काळेभोर यंत्र, त्याच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आणि त्यापाशी बसलेली निळ्या कपड्यांतली हसरी बाई. खाली हिरवी पट्टी आणि तिच्यावर दुकानाचा पत्ता. काम संपल्यावर पेंटर म्हणाला, "झकास जमलीस गं!" झाले! तेव्हापासून माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती गेलीच.

मी ज्या सिनेमागृहात कामाला लागले, तो नुसता महाल होता. बाराशे खुर्च्या, मखमली पडदा, जिन्याला पितळी कठडे, छतावर चुन्यात घडवलेली फुले. सिनेमा पडेल असला तरी लोक छत बघायला म्हणून येत. दारवान असा ऐटीत उभा राही, की नवखी माणसे त्यालाच मालक समजून नमस्कार करत. साबण, सायकली, विजेचे दिवे, केसांचे तेल अशा आम्ही बारा जणी होतो. ऑपरेटर आम्हाला एकेक करून दिव्यापुढे सरकवी, आणि मी तळहाताएवढी पोर पडद्यावर दुमजली घराएवढी होई.

पण खरे सांगते, आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. जाहिरात लागली की लोक गप्पा मारत, चपला शोधत, मुलांना दटावत. अपवाद एकच. दर गुरुवारी दुपारी तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसायची. ती हाताने कपडे शिवून द्यायची, म्हणून गल्लीत सगळे तिला सुईताई म्हणत. मी पडद्यावर आले की ती खुर्चीच्या कडेला सरकून बसे. एकदा शेजारणीला म्हणाली, "असलं मशीन घेणार बघ मी. नुसतं बघूनच हात शिवशिवतात." बाराशे माणसांत ती एकटी माझी होती.

असाच एक गुरुवार होता. मध्यंतराची दुसरी घंटा झाली, दिवे मालवले, जाहिराती सुरू झाल्या. तेवढ्यात सुईताईचा थोरला भाऊ धावत ऑपरेटरच्या खोलीत शिरला.

"साहेब, माझी बहीण आत आहे. आईचं काही खरं नाही, सारखी तिचंच नाव घेतेय. अंधारात कुठं शोधू तिला? पडद्यावर पाटी लावा ना!"

अशा निरोपासाठी एक काजळी धरलेली काच ठेवलेली असे. तिच्यावर सुईने लिहिले की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटत, आणि सगळा हॉल गप्प होऊन वाची. पण ती काच सकाळीच फुटली होती, आणि दुसरीवर काजळी धरायला वेळ नव्हता. ऑपरेटरच्या हातात त्या क्षणी मी होते. त्याने माझ्या हिरव्या पट्टीवरच सुईने ओरखडले, "सुईताई, लगेच घरी ये. आई अत्यवस्थ."

"तुम्ही निघा," तो भावाला म्हणाला, "आत्ता लावतो." भाऊ आल्या पावली आईकडे पळाला.

मी पडद्यावर गेले. सुईताई खुर्चीच्या कडेला सरकली. मला वाटले, वाचले तिने! पण ती हसली. तिची नजर सोनेरी वेलबुट्टीवरून फिरत होती, निळ्या बाईच्या हातांवर थांबत होती. खालच्या ओळीकडे ती आलीच नाही. ऑपरेटरने दहा आकडे मोजले आणि मला बाहेर ओढले.

मित्रांनो, त्या दिवशी मी थोडी कमी सुंदर असते तर!

ती सिनेमा संपवून घरी गेली, तेव्हा आई गेलेली होती. "मला बोलावलं का नाहीस?" म्हणून तिने भावाला धारेवर धरले. तो म्हणाला, "पाटी लावली होती." ती म्हणाली, "मी पडद्यावरून नजर काढली नव्हती. खोटं बोलू नकोस, दादा."

दुसऱ्या दिवशी भाऊ हे सगळे सांगत ऑपरेटरला विचारायला आला. दुर्दैवाने मॅनेजर तिथेच उभा होता. जाहिरातदाराची काच खराब केली हे कळले असते, तर ऑपरेटरची नोकरी गेली असती. मी फुटले, अशी थाप त्याने नुकतीच मारली होती. मी त्याच्या डब्यात, जेवणाच्या फडक्याखाली होते.

"पाटी? कसली पाटी?" ऑपरेटर म्हणाला.

मान खाली घालून भाऊ जिना उतरला. मला ओरडावेसे वाटले, पण काचेला फक्त दिव्यापुढे बोलता येते.

पुढे तो महालही पाडला. छताची फुले ढिगाऱ्यात गेली, आणि तिथे आता गाड्या उभ्या राहतात. मी मात्र ऑपरेटरच्या कपाटात सुखरूप होते. तो कधीमधी मला बाहेर काढी, ओरखडे वाची आणि परत ठेवून देई. असे आम्ही दोघांनी एकोणचाळीस वर्षे केले.

गेल्या आठवड्यात त्याने मला खिशात घातले आणि विचारत विचारत सुईताईचे घर गाठले. तिचे केस पिकले आहेत. तिने मला खिडकीच्या उजेडात धरले. आधी चित्र पाहिले. मग पहिल्यांदाच तिची नजर खालच्या ओळीवर आली.

"मी खोटं बोललो, ताई. नोकरीला भ्यालो," ऑपरेटर म्हणाला.

"दादाच्या एकाही मुलाच्या लग्नाला मी गेले नाही हो," एवढेच ती म्हणाली. मग तिने भावाला फोन लावला. "दादा, पाटी लागली होती रे."

पलीकडून तो म्हणाला, "अगं, मग मी काय सांगत होतो!" आणि म्हातारा रडायला लागला.

मित्रांनो, जुन्या काचा जपा, असे मी म्हणणार नाही. कोणाचा खरेपणा तुमच्यापाशी अडकून पडला असेल, तर तो आजच्या आज नेऊन द्या. त्या गुरुवारी दादा तिशीचा होता. आता त्याला जिना चढवत नाही, म्हणून सुईताईच त्याच्याकडे निघाली आहे. तिने मला रुमालात गुंडाळून पिशवीत घेतले आहे. त्याला कोणत्या तोंडाने सामोरी जाऊ, ते मला कळत नाही.