कास जळते म्हणून

दुर्गाबाईचे पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हते. घरातून गोठ्यात, गोठ्यातून घरात. गोठ्यात कपिला गाय सुजलेली कास घेऊन उभी, अन् घरात वर्षभराची नात जमुना तापानं फणफणलेली. दोन दिवस झाले, पोरीला उलट्या-जुलाब. आधी कुणाकडं पाहावं, हेच बाईला समजेना.

गाय काही साधीसुधी नव्हती. साता समुद्रापलीकडं अमेरिकेत गोरे आपसात लढायला लागले अन् इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा लेकानं, चंद्रभाननं, अकोल्याच्या बाजारातून हौसेनं आणलेली. पुढं सून मनकर्णा हिवतापानं पडली, तिचं दूध आटलं, तेव्हापासून जमुना याच गाईवर वाढत होती. चंद्रभान आता कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला होता. जाताना बजावून गेला, "माय, कपिलेले जप. पोट्टीचं सारं तिच्यावर हाय."

अन् जपलं की दुर्गाबाईनं! जपण्यात ती कुठं कमी पडणार? कास सुजली त्या दिवसापासून तिनं दुधाचं भांडं चुलीवर चढू दिलं नव्हतं. आजारी गाईचं दूध तापवलं तर ती आग गाईच्या कासेला लागते, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. एरवी या घरात दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. पण आता धार काढायची, फडक्यातून गाळायची, अन् तसंच बोंडल्यानं पोरीच्या तोंडात. फडक्यावर पिवळ्या गाठी राहायच्या. त्या झटकल्या की झालं, काम संपलं.

"आत्याबाई, थोडं तापवून पाहू का?" मनकर्णेनं तिसऱ्यांदा विचारलं.

"तुले गाय मारायची हाय का? गाय गेली तं काय पाजशीन पोट्टीले? तुह्यापाशी हाय का थेंबभर?"

मनकर्णेनं मान खाली घातली. बोलून गेल्यावर दुर्गाबाईच्याच काळजात चर्र झालं. पण बोललेला शब्द मागं घेईल ती दुर्गाबाई कसली! तरातरा गोठ्यात गेली अन् वासरू सोडलं.

वासरू ढुशा देत कासेला भिडलं. सुजलेल्या सडाला तोंड लावलं अन् लगेच सोडलं. दुर्गाबाईनं त्याची मान धरून पुन्हा तिकडंच वळवली. वासरानं फुरफुर केलं, मान झटकली अन् दुसरा सड धरला. बाईनं त्याची मान सोडून दिली.

"मुकं जनावर तोंड लावत नाई," ती स्वतःशीच पुटपुटली, "अन् मी लेकराले पाजून राहिली."

त्या सुजलेल्या सडाची धार तिनं चरवीत काढली, घरात आली अन् चरवी सरळ चुलीवर ठेवली.

"आत्याबाई, कास..." मनकर्णा दचकलीच.

"पाहू दे मले."

उकळी यायच्या आधीच दूध फाटलं. हिरवट पाणी एकीकडं, चिकट गाठी एकीकडं, अन् वर असा काही वास की मनकर्णेनं पदर नाकाला लावला. दुर्गाबाई मात्र चरवीत पाहतच राहिली.

"हे म्या पाजलं, मनकर्णे. चार दिस. माह्या हातानं पाजलं." अन् एवढी खमकी बाई चुलीपुढं ढसाढसा रडली.

मनकर्णा उठली. चरवी उचलून उकिरड्यावर रिकामी करून आली. मग शेजारच्या नत्थुजीकडून बकरीचं दूध आलं, ते उकळलं गेलं. पाणीसुद्धा उकळलं. कण्यांची पातळ पेज थेंबाथेंबानं पोरीच्या ओठात सोडत दोघी बसल्या. आठवेल त्या देवाला नवस बोलून झाले. दोन दिवस दुर्गाबाईनं बाजेचा पाय सोडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीचं अंग निवलं.

त्याच संध्याकाळी चंद्रभान आला. हातात चांदीची घुंगरमाळ, अन् तीही गाईसाठी! पैशानं सारा मुलूखच खुळावला होता, मग हा कसा मागं राहील? घरात न येता तो आधी गोठ्यात गेला अन् तिथूनच ओरडला, "माय! कपिलेची कास काहून सुजली? दूध तापवलं का काय तुमी?"

दुर्गाबाई जमुनाला कडेवर घेऊन दारात आली. पोरीचा नुसता सांगाडा उरला होता. ते पाहून चंद्रभानच्या हातातली माळ खाली आली.

"चार दिस नाई तापवलं," ती म्हणाली. "तुह्या गाईची कास जळू नये म्हणून म्या तुही लेक जाळून राहिली होती."

आत चुलीवर बकरीचं दूध वर आलं. भांडं उतरवायला मनकर्णा धावली.

"राहू दे वं," दुर्गाबाई दारातूनच म्हणाली. "आणखी एक उकळी येऊ दे."