सहाव्या प्रकरणातले पन्नास थेंब

छापखान्यात मजकूर तपासणाऱ्या काकूंची नजर म्हणजे शेवटचा शब्द. तीस वर्षं त्यांनी लाल शाईने चुका टिपल्या होत्या, आणि टिपलेली चूक पुन्हा डोकं वर काढत नाही याचा त्यांना अभिमान होता. मग मालकांनी कागद बंद केला आणि त्यांच्या टेबलावर संगणक आणून ठेवला. काम होतं परिचारिकांसाठीच्या पुस्तकाचं. सहावं प्रकरण, लहान मुलांची औषधं.

तिसऱ्याच दिवशी काकूंनी तेच पान पुन्हा उघडलं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः दुरुस्त केलेल्या 'पाच थेंब'च्या जागी पुन्हा 'पन्नास थेंब' होतं. त्यांनी परत दुरुस्त केलं. जेवून आल्या, तर पुन्हा पन्नास.

शेजारच्या टेबलावर अक्षरजुळणी करणारी बाई बसायची. पस्तिशीची, अबोल. प्रकरण तिनेच टाइप केलेलं, म्हणजे पन्नास तिचेच. चूक दाखवलेली झोंबली असणार, काकूंनी मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी जेवायला उठताना त्यांनी माउसवर एक दोरा आडवा ठेवला. परतल्या तेव्हा दोरा जागच्या जागी होता आणि पन्नासही. संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. सगळी यंत्रं तारांनी जोडलेली. ही बया आपल्या जागेवरूनच माझ्या फाइलीत हात घालत असणार.

काकू मालकांकडे गेल्या. शेजारच्या बाईचं नाव घेऊन, बाळाच्या जिवाशी खेळ आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मालकांनी पुस्तक त्या बाईकडून काढून घेतलं आणि तिला मागच्या खोलीत लेबलांच्या कामाला बसवलं. तिने कारण विचारलं नाही. डबा, पाण्याची बाटली उचलली आणि गेली. तिचं न बोलणंही काकूंना कबुलीसारखंच वाटलं.

दोन दिवसांनी पुन्हा पन्नास. आता मात्र काकू चक्रावल्या. घटकाभर त्यांना मालकांचाच संशय आला. शेवटी त्या मागच्या खोलीत गेल्या.

"तू नाहीस, तर कोण करतंय ते मला दाखव."

ती आली आणि टेबलापाशी हात मागे बांधून उभी राहिली. "तुम्ही रोज करता तसं करा, काकू. मी कशालाच हात लावत नाही."

काकूंनी फाइल उघडली, शब्द सुधारला आणि कोपऱ्यातली आडवी रेघ दाबली. पान दिसेनासं झालं. तिने विचारलं, फुली का नाही दाबत? काकू म्हणाल्या, फुली म्हणजे रद्द. तीस वर्षं तोच अर्थ. मग त्यांनी फोल्डरमधून तीच फाइल उघडली. पन्नास.

तिने पडद्याच्या तळाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे सहाव्या प्रकरणाच्या नावाचे चौदा चौकोन दाटीवाटीने बसले होते. काकूंनी एकेकावर क्लिक केलं. एकेक खिडकी वर आली. आत्ता उघडलेली सोडून प्रत्येकीत पाच थेंब.

"रेघेने खिडकी फक्त खाली जाते," ती म्हणाली. "तुम्ही न साठवताच दर वेळी नवी उघडलीत, म्हणून जुनंच दिसलं. संध्याकाळी तुम्ही नुसता पडदा बंद करता, यंत्र चालूच राहतं. म्हणून सगळ्या अजून आहेत."

पुढचंही तिने कोरड्या आवाजात सांगितलं. आधी साठवायचं, मग फुली. मधल्या चौकोनाने खिडकी मोठी होते, वरची पट्टी धरून ती सरकवता येते.

काकूंचे कान तापले. त्या तशाच उठल्या आणि सगळ्यांसमोर मालकांना म्हणाल्या, चूक माझी होती, हिचं नाव मी उगाच घेतलं. मालक हसले. ती हसली नाही.

"तुम्ही आधी मलाच का नाही विचारलंत?"



पुस्तक तिला परत मिळालं, पण शेजारच्या टेबलावर यायला तिने नकार दिला. दिवसभर पाठीवर कुणाची तरी नजर आहे असं वाटत राहील, ती मालकांना म्हणाली. तेव्हा काकूच आपली खुर्ची घेऊन मागच्या खोलीत गेल्या. सातवं प्रकरण दोघींनी एकाच पडद्यावर, मूळ आणि दुरुस्त अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी लावून वाचलं. बोलणं कामापुरतंच झालं.