जांभळ्या फुलांचे पदक

मित्रांनो, मी चांदीचे एक जुने पदक आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये आमच्या नदीकाठी दरवर्षी कृषी प्रदर्शन भरायचे. तिथे गायींना, लोण्याला, मक्याला पदके मिळत. मी मात्र एका फुलाला मिळाले. गायी पाळणाऱ्या डूगल टलकची बायको एफी हिने पाण्याच्या पिंपात जलपर्णी वाढवली होती. तिची जांभळी फुले पाहायला झुंबड उडाली.

एफीने मला खिडकीसमोरच्या फळीवर ठेवले. मला पाहायला येणारी प्रत्येक बाई जाताना एक रोप मागून नेई. पिंपात रोपे मावेनात, तेव्हा एफीने उरलेली नदीत सोडली. "नदीलाही जरा नटू दे की," ती म्हणाली.

पहिल्या उन्हाळ्यात काठाला हिरवी किनार आली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी दिसेनासे झाले. दुधाचे कॅन नेणारी होडी अडकू लागली. डूगल कोयत्याने वाट कापायचा. सकाळी ती बुजलेली असायची. एकदा जेवताना तो माझ्याकडे बघत म्हणाला, "एफी, ते पदक तिथून काढ. मला त्याची भीती वाटते."

ती हसली. मी तिथेच राहिले.

मग एका संध्याकाळी त्यांची गाय कुरण समजून नदीवरच्या त्या हिरवळीवर गेली आणि पाण्यात बुडू लागली. डूगल तिच्यामागे धावला. एफी काठावरून हाका मारत राहिली. थोड्या वेळाने हिरवळ त्या दोघांवर पुन्हा जुळून आली. वर फुले तशीच होती.

पुढच्या प्रदर्शनाला एफी काळ्या कपड्यांत गेली. मी तिच्या मुठीत होते. प्रदर्शनाच्या चिटणीसांना ती म्हणाली, "हे परत घ्या. आणि लोकांना सांगा, ते रोप घरी नेऊ नका."

"बाई, दिलेलं पदक आम्ही परत घेत नाही," चिटणीस हळू आवाजात म्हणाले. "आणि आता सांगणार तरी कुणाकुणाला?"

त्यांच्या मागे मांडवभर पिंपे मांडलेली होती. सगळी जांभळी.

एफी मला टेबलावर ठेवून निघून गेली. चिटणीसांनी मला बाहीवर पुसले आणि शोभेसाठी एका पिंपाला टेकवून ठेवले.

मित्रांनो, एखादी सुंदर गोष्ट घरी आणण्याआधी ती वाढून कुठवर जाईल, हे जरूर विचारा. मला तेव्हा हे कुणाला सांगता आले नाही. माझी चमक पाहून बायका जवळ येत होत्या, आणि त्यांतल्या एकीने रोप न्यायला ओला रुमाल पसरला होता.