आसुंताचा चांदीचा तुपू

तोरिबियो काही वाईट पोरगा नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला बोटं मोडायला कुणीतरी हवंच असतं. पण त्या जत्रेत त्यानं जे केलं त्यानं माझं डोकं जे फिरलं, ते बरेच दिवस जागेवर आलं नाही.

आमच्याकडे पोराला पोरगी आवडली की तो तोंडानं काही बोलत नाही. जत्रेच्या गर्दीत घुसतो, तिच्या शालीला लावलेला तुपू, म्हणजे शाल अडकवायचा काटा, खसकन उपसतो आणि पळत सुटतो. शाल घसरते, पोरगी ती सावरत शिव्या देते, बघणारे हसतात. मग ती तुपू मागायला गेली आणि त्याच्या हातून घेतला, की झाला होकार. नाही गेली, तर पोरानं काय ते समजायचं आणि तुपू गुपचूप तिच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवून जायचं. आता सगळेच काही परत करत नाहीत, म्हणून शहाण्या पोरी जत्रेला तांब्याचा तुपू लावतात. गेला तर गेला.

आसुंताही तांब्याचाच लावायची. ही माझ्या बहिणीची लेक. बहीण गेली तेव्हा रांगत होती, तेव्हापासून मीच वाढवली. त्या दिवशी निघता निघता तिचा तांब्याचा तुपू वाकला, सरळ करायला गेली तर मोडलाच. उशीर झालेला, म्हणून तिनं आईचा चांदीचा लावला. लांब काटा, वर पानासारखं रुंद डोकं, त्यावर पाखरं कोरलेली. आईचा चेहरा काही तिला आठवत नाही, पण लहानपणी हा तुपू मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही.

आणि तोरिबियोनं नेमका तोच उपसला.

आसुंताला तो नको होता. त्याच्यात खोट होती असं नाही, पण नको म्हणजे नको. ती रोज सकाळी उठून आधी भिंत बघून यायची. भिंतीवर दहिवरापलीकडे काही नाही. शेवटी मीच म्हटलं, अगं, जा आणि घेऊन ये, आणि मग सांग नाही म्हणून. त्यावर ती म्हणाली की तुपू घेऊन मग नाही म्हटलं, तर तो गावात तोंड कुठे दाखवेल? घ्या. हिचा जीव त्या तुपूसाठी तुटतोय आणि काळजी कुणाची, तर त्या चोराची.

मग मी तणतणत गेले त्याच्या आईकडे. कासिमिरानं मला भांडूच दिलं नाही. चुलीपाशी बसवलं, गरम सूप हातात दिलं आणि म्हणाली, चांगल्या घरच्या पोरी वेळ लावतातच, आम्हाला घाई नाही. म्हटलं, बाई, ती येणार नाही, तिच्या मनात नाही. तर मलाच विचारते, मनात नव्हतं तर जत्रेला चांदीचा कशाला लावला? आमच्याकडे पोरगी जत्रेला चांदी लावून आली, तर तो कुणीतरी उपसून न्यावा असंच तिला वाटतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. तांब्याचा मोडला म्हणून लावला, असं मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटलं. सूप मात्र सगळं पिऊन आले.

रविवारी आम्ही बाजारात बटाटे मांडून बसलो. आसुंतानं शालीला निवडुंगाचा काटा टोचला होता. थोड्या वेळानं तोरिबियो आला. नवी टोपी, मागे चारांगोच्या तारा छेडणारे दोस्त. तो आमच्यासमोर उभा राहिला आणि तळहातावर तुपू ठेवून हात पुढे केला. वाट बघून बघून बिचारा स्वतःच आला होता. आजूबाजूच्या बायकांनी वजनं खाली ठेवली.

आसुंता त्या तुपूकडे बघत होती. इतकं आसुसून तिनं कशाकडे बघितलेलं मला आठवत नाही. तिचा हात मांडीवरून उचलला गेला. मला कळलं, ही आता घेणार, आणि घेतला की जन्मभर निभावणार, कारण फसवणं हिला जमत नाही. मी झडप घातली आणि तुपू उचलला.

"घेतला मी," म्हटलं. "बोल, कधी नेतोस?"

सगळा बाजार खो खो हसायला लागला. दोस्तांनी वरातीची धून धरली. कुणीतरी विचारलं, म्हातारीला पाठीवर नेणार की गाढवावर? तोरिबियो कानापर्यंत लाल झाला. मग बघते तर त्याचे डोळे भरलेले. माझं हसू तिथंच विरलं. तो खाली उकिडवा बसला आणि फक्त आसुंताला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. पण मी शेजारीच होते.

"मग चांदीचा का लावलास?"

"तांब्याचा मोडला होता रे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं मान हलवली. अख्ख्या गावानं जे मानलं नसतं, ते या पोरानं तिथल्या तिथे मानलं. उठला, टोपी नीट केली, आणि मोठ्यानं म्हणाला, "मावशी, आपलं काही जमणार नाही हो. तू फार भांडतेस." पुन्हा सगळे हसले, आणि त्या हसण्यातून तो निघून गेला.

मी तुपू आसुंतापुढे धरला. ती घेईना. माझ्या शालीची लोखंडी पिन तिनं काढली आणि तिथे चांदीचा तुपू खोवायला लागली. मी तिचा हात धरला, म्हटलं, वेडी आहेस का, तुझ्या आईचा आहे तो.

"मग?" ती म्हणाली. "आईलाच लावतेय."

उभ्या आयुष्यात माझ्या शालीचा काटा कुणी उपसला नाही, आणि त्याचं मी कधी कुणापुढे रडगाणं गायलं नाही. त्या दिवशी मात्र तिला रागवायला तोंड उघडलं आणि भर बाजारात, बटाट्यांच्या ढिगासमोर, हुंदके द्यायला लागले.