सासूबाईंचं बोळकं

कवळीवाल्याने काढलेल्या चित्रांत सगळे हसत. म्हातारे हसत, नवरा-नवरी हसत, तान्ह्या बाळांनाही तो कौतुकाने दोन-चार दात बसवून देई. एकदा त्याने आपल्या वारलेल्या काकांचं चित्र काढलं, त्यात तेही बत्तिशी दाखवत होते. हे काका हयातीत एकदाच, शेजाऱ्याच्या छपरावर झाड कोसळलं तेव्हा, हसल्याचं घरच्यांना आठवत होतं.

कारण सरळ होतं. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो आयुष्यभर कवळ्या बनवत आला होता. मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या, पुढचे दात, दाढा, हेच त्याचं जग. माणूस समोर आला की त्याची नजर आधी तोंडात शिरे आणि मग जमलंच तर डोळ्यांपर्यंत वर जाई. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलाय, एखादा छंद लावून घ्या. त्याने तैलरंग आणले, आणि बायकोचा रक्तदाब वाढला.

"अहो, ही माणसं हसताहेत की चावायला निघालीत?" ती विचारी. ती शाळेत भूगोल शिकवायची. नद्या काढा, डोंगर काढा, फक्त नातेवाईक काढू नका, एवढीच तिची मागणी होती.

शेवटी तिनेच त्याला चित्रकलेच्या वर्गाला घातलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे एक जुन्या चित्रकार बाई शिकवत. बाईंनी सत्तरी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. खालून हातोड्याची ठाकठूक चालू असे आणि वर बाईंची जीभ. कुणाच्या चित्राचं कौतुक करायची वेळ आली की त्यांना नेमका खोकला येई.

पहिल्याच दिवशी कवळीवाल्याने आपलं सगळ्यात आवडतं चित्र नेलं. पिवळा फ्रॉक घातलेली भाची, निळा सोफा, मागे लाल पडदा, शेजारी हिरवीगार कुंडी.

"काय चाललंय ह्यात?" बाईंनी विचारलं.

"आनंद, बाई. भाचीला शाळेत बक्षीस मिळालं होतं."

"कुठे आहे आनंद?"

"हा काय. हसतेय ना."

"ते दात झाले. मी आनंदाचं विचारतेय." बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "आणि हे रंग. लाल, पिवळा, निळा, हिरवा. प्रत्येक जण स्वतःच्याच लग्नाला आल्यासारखा नटलाय. पाहुणा म्हणून यायला कुणी तयारच नाही."

वर्ग खदाखदा हसला. कवळीवाल्याचे कान लाल झाले. त्याला वाटलं, चित्र काखेत मारावं आणि जिना उतरून चालू पडावं. पण फी आधीच भरलेली होती, आणि घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, हा प्रश्न होताच.

"आता काही दिवस तोंड काढायचं नाही," बाई म्हणाल्या. "खुर्ची काढा. कुणीतरी चिडून नुकतंच उठून गेलंय, अशी खुर्ची."

"लाकडाच्या खुर्चीत राग कुठून आणू, बाई?"

"घरी बायको आहे ना? मग सापडेल."

बाईंनी टोमणा मारला होता, त्याने ती सूचना मानली. रात्री जेवताना तो म्हणाला, भूगोल काय, नकाशा बघितला की झालं, त्यात शिकवण्यासारखं असतं तरी काय? बायको ताडकन उठली. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायच्या आत कवळीवाल्याने पेन्सिल काढली होती. "खुर्चीला कुणी हात लावू नका!" तो ओरडला. घरात दुसरं कुणी नव्हतंच. पुढचा आठवडाभर बायको त्याच्याशी बोलली नाही, पण खुर्च्या मात्र भरपूर मिळाल्या.

त्याच्या पहिल्या खुर्च्या फर्निचरच्या दुकानातल्या वाटत. पाय चार, पाठ सरळ, पॉलिश झकास, राग शून्य. मग त्याच्या लक्षात आलं की खरी खुर्ची टेबलाकडे पाठ करून तिरकी सरकली होती, तिचा एक पाय चटईच्या काठात अडकला होता, आणि ती आणि ताट यांच्यामध्ये जी मोकळी फरशी पडली होती, सगळं भांडण त्या फरशीवर होतं. त्याने खुर्ची चित्राच्या कडेला ढकलली आणि मधली फरशी तशीच रिकामी ठेवली. ते चित्र बघून बाईंना खोकल्याची ढास लागली. कवळीवाल्याला रडू यायचं बाकी राहिलं.

रंगांचं कोडं मात्र सुटत नव्हतं. ते सुटलं कामाच्या टेबलावर. एका गिऱ्हाइकाचा पुढचा एक दात पडला होता आणि तो म्हणत होता, मला पांढराशुभ्र द्या. कवळीवाला त्याला समजावत होता, "अहो, एकटा देखणा दात तोंडात गेला की फरशीचा तुकडा वाटतो. शेजाऱ्यांचा थोडा पिवळा, थोडा राखाडी त्याच्यात यायलाच हवा. तरच तो तुमच्या तोंडातला वाटेल." बोलता बोलता तो थांबला. हे तर तो वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता, आणि घरी जाऊन कॅनव्हासवर खुशाल फरश्या बसवत होता!

त्या संध्याकाळी त्याने भिंतीसाठी कालवलेला करडा रंग जरा जरा सगळ्याच रंगांत मिसळला. लाल खाली बसला, निळा गप्प झाला. वर्गात अचानक मुख्याध्यापक यावेत तसं ते चित्र शांत झालं.

ह्याच सुमारास सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला. सासरे वर्षापूर्वी वारले होते आणि सासूबाई नुकत्याच लेकीकडे राहायला आल्या होत्या. मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, पडद्यांचा मोठा व्यापार होता आणि आवाजही त्याच मापाचा होता. "भाऊजी," तो म्हणाला, "आईचं झकास पोर्ट्रेट होऊन जाऊ द्या. मागे घ्यायला मी पडदा पाठवतो." लगेच मखमली पडदा आलाही, सोनेरी झालरीसकट.

सासूबाई चित्रासाठी बसल्या त्या फीत कापायला आलेल्या मंत्र्यासारख्या. ठेवणीतले कपडे, ताठ मान, आणि जावयाने स्वतःच्या हातांनी बनवलेली कवळी ओठांबाहेर. कवळीवाला रंगवत राहिला आणि चित्र मरत राहिलं. काकांची आठवण व्हावी इतकं.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला सासूबाई वैतागल्या. "जावईबापू, तुमचे दात मला चावताहेत." त्यांनी कवळी काढून पेल्यात टाकली, अंगावर घरातला जुना करडा स्वेटर चढवला आणि उठून खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. एक हात खिडकीच्या कडीवर. गाल आत गेले, ओठ मिटून कुठल्या कुठे नाहीसे झाले.

त्यांनी कडी उगाच खालीवर केली. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "हे गेले तेव्हा लोक म्हणाले, सुटलात. जन्मभर भांडलो ना आम्ही. त्यांना खिडकी उघडी लागायची, मला बंद. आता मीच उघडते, मीच बंद करते. काही मजा नाही त्यात."

कवळीवाल्याने हळूच नवा कॅनव्हास लावला. "आई, असंच काढू तुमचं?"

"असं? बोळकं?" त्यांनी मान वळवली. थोडा विचार केला. "काढा. पण बिचारी दाखवू नका हं. मी बिचारी नाही. मी कंटाळलेय."

हे मात्र कवळीवाल्याला नीट समजलं. त्याने सासूबाईंना उजव्या कोपऱ्यात खाली घेतलं आणि उरलेली सगळी भिंत रिकामी ठेवली. स्वेटरचा करडा रंग भिंतीत गेला, भिंतीचा हिरवट रंग केसांत गेला, खिडकीतला उजेड गालांच्या खळग्यापर्यंत येऊन थांबला. तोंडाला त्याने शेवटी हात लावला, तोही भीत भीत. आयुष्यात पहिल्यांदाच तो दात नसलेलं तोंड रंगवत होता, आणि भरून काढावं असं त्याला काही वाटत नव्हतं. फक्त मेहुण्याचा मान म्हणून त्याने डाव्या बाजूला पडद्याची एक पट्टी घेतली. झालर अशी उतरली होती की हात लावून बघावं.

बाई त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. खोकला आला नाही.

"चित्रातली बाई बोलतेय," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि हा पडदा मध्ये मध्ये बोलतोय. त्याला बाहेर काढा."

"बाई, झालरीवर मी फार मेहनत घेतलीय हो."

"दिसतंय ना. म्हणूनच काढा."

झालर गेली. त्या जागी भिंत आली आणि सासूबाई आणखीनच एकट्या झाल्या.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मेहुणा चित्र बघायला आला. बघितलं आणि त्याचा आवाज दुप्पट झाला. "भाऊजी, आईचे दात कुठेत? आणि माझा पडदा? अहो, लोक काय म्हणतील, पोरांनी आईला कवळीसुद्धा करून दिली नाही! तेही जावई कवळीवाला असताना!" धंद्यावर बोट ठेवलं तसा कवळीवाला नमला. दात घाला, बाकी असू द्या, असं म्हणून मेहुणा निघून गेला.

कवळीवाल्याने बारीक ब्रश घेतला. तोंडाचा रंग अजून ओलाच होता. त्याने ओठ थोडे उघडले आणि आत सुबक, एकसारखे दात बसवले. काम अव्वल झालं. तेवढ्यात बायको शाळेतून आली, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून चित्राकडे बघत राहिली. रोज येता-जाता ती ह्या चित्रासमोर थबकायची, पण चांगलं-वाईट एक अक्षर बोलली नव्हती.

"हे काय केलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज भलताच बारीक झाला होता. "आई कुठे गेली?"

"अगं, दातच तर घातले."

"ही कोण आहे मला माहीत नाही. सकाळी इथे आई होती." आणि ती तिथेच रडायला लागली. कवळीवाल्याने बायकोला रागावलेलं हजारदा पाहिलं होतं, रडताना क्वचित. त्याने टर्पेंटाइनचा बोळा उचलला आणि दात पुसून टाकले. ओठांची कड त्यात फिसकटली. ती त्याने सुधारली नाही.

वाढदिवसाला घर भरलं. चित्रावरचं कापड मेहुण्यानेच ओढलं, आणि नंतर तो सगळ्यांत आधी गप्प झाला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. बघत राहिल्या.

"ह्या बाईला कुणीतरी चहा द्या रे," त्या म्हणाल्या. "केव्हाची एकटीच बसलीय."

दोघे-तिघे हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की सासूबाई हसत नाहीयेत, आणि तेही थांबले. मेहुणा तिथून हलला तो आईच्या शेजारी जाऊन बसला. संध्याकाळभर तिथेच बसला, आणि पडद्यांबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्याच्या दृष्टीने हा मोठा पराक्रम होता.

त्याने पुढे स्वतःच्या घरासाठी आईचा एक फोटो स्टुडिओत काढून घेतला, दातांसकट, पडद्यासकट. पण आता तो दर रविवारी इकडे येतो आणि आईशी खिडकीवरून वाद घालतो. सासूबाईंना ते आवडतं, असं त्या कबूल करत नाहीत.

आणि बायको परवा स्वतःहून स्टुलावर येऊन बसली. "काढा मला," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, मी दुःखी-बिःखी काही नाही."

पहिला प्रयत्न साफ फसला. त्यात ती परीक्षेत कॉपी पकडायला निघाल्यासारखी दिसते. कवळीवाला म्हणाला, साम्य तर आहे. बायको म्हणाली, पुन्हा काढा.